पाव आटा

पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी शंभराचे एकसष्ट झाले.
कुणी जागं झालं नाही.
बोथनियाच्या आखातावरच्या गावांतले दिवे
होते तसेच जळत राहिले.
उत्तरेकडल्या कुठल्याशा धरणाने
आपलं दार वीतभर जास्त उघडलं
आणि हिशेब जुळला.

कंट्रोल रूममध्ये सेवेरी होता. वय सव्वीस.
त्याच्या जबाबात लिहिलंय:
फीडवॉटर पंप क्रमांक दोन आपणहून थांबला,
अणुभट्टीने आपणहून पाऊल मागे घेतलं,
मी हात मांडीवर ठेवून बघत होतो.
मांडीवर का, मी विचारलं.
म्हणाला, शिकवलंय तसं. पहिलं अर्धं मिनिट
हातांना काही करू द्यायचं नसतं.
हे मी वहीच्या समासात टिपलं. अहवालात त्याला जागा नव्हती.

बाहेरचा साक्षीदार एकच मिळाला.
आमचं कोमट पाणी समुद्रात पडतं
तिथे फेब्रुवारीतही बर्फ धरत नाही;
तिथे गळ टाकून बसणारा एक म्हातारा
दुसऱ्या संध्याकाळी गेटवर सांगून गेला:
तुमचं काहीतरी बिनसलंय.
हंस दाटीवाटीने बसलेत.
बर्फाची कड दहा पावलं आत आलीय.

नऊ दिवस.
पंप निर्दोष. मोटर निर्दोष.
तेलाचा नमुना प्रयोगशाळेतून निष्कलंक परत आला.
पण पंपाला त्या क्षणी वाटलं होतं
की तेलाचा दाब गेला.
त्याला असं कुणी सांगितलं?
तारेने. तारेला कुणी?
एकेका "का"खाली दुसरा "का",
आणि दहाव्या दिवशी सगळ्याच्या खाली
रिलेच्या कपाटात, तिसऱ्या पट्टीवर,
तांदळाच्या दाण्याएवढा एक स्क्रू.
स्क्रूड्रायव्हर लावला. पाव आटा फिरला.

पाव आटा. तीनशे चाळीस मेगावॅट.

अकरा वर्षं तो जागच्या जागी थरथरत
स्वतःला सोडवत आला होता.
कामाच्या कागदावर सही एन्सिओची.
एन्सिओने मला शिकवलं होतं
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून
मूठ कानाशी धरायची
आणि पंप काय म्हणतो ते ऐकायचं.

त्याच्या स्वयंपाकघरात आता
रेडिओ फार मोठ्याने लावलेला असतो.
मी सगळं दोनदा सांगितलं.
तो बटाटे सोलत राहिला.
"आठवत नाही, मार्युक्का.
आठवतं म्हणालो तर ते मी आज रचलेलं असेल."
मग सुरी थांबवून,
"कागदावर रकाना होता का?
किती घट्ट, ते लिहायला?"

नव्हता.
"झालं" एवढाच रकाना, आणि त्यात बरोबरची खूण.
मी अहवालात तेच लिहिलं: रकाना नव्हता.
वरिष्ठांनी विचारलं, आणि माणूस?
म्हटलं, माणसाने विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं.
हे खरं आहे. पुरतं खरं आहे का,
ते त्या खोलीत कुणी विचारलं नाही.

निघताना मी दाराशी बूट घालत होते.
आत त्याने कॉफीच्या बरणीचं झाकण लावलेलं ऐकू आलं.
मग काहीच नाही.
मग पुन्हा, थोडंसं आणखी आवळल्याचा आवाज.

जूनमध्ये वार्षिक बंद आला तेव्हा
सेवेरीने गुडघ्यांवर बसून
अकराशे सेहेचाळीस स्क्रू तपासले,
प्रत्येकासमोर नव्या रकान्यात आकडा लिहिला.
आणखी सात ढिले निघाले.
यादी त्याने माझ्या टेबलावर ठेवली,
काही बोलला नाही, हात खिशात.
दोन कागदांवर सही माझी होती.

खिडकीबाहेर निचऱ्याचं पाणी
उन्हात नुसतंच वाहत होतं.
हंस केव्हाच उत्तरेला गेलेले.